भितीची वेलांटी

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फार हात फिरवलेला नाही.)



हार नको म्हणून आधीच सांगितलं होतं, तरी घातलात. ठीक आहे. तो इथं टेबलावर ठेवतो आणि त्याच्या बाजूला ही वही ठेवतो. शंभर पानी, कव्हर फाटलेली. आज मला जे काय बोलायचंय ते या वहीबद्दल.

मी मराठीचा मास्तर. मुंबईत रात्रशाळेत शिकवतो, नववी-दहावी. माझी पोरं दिवसभर राबून येतात. कुणी गॅरेजमध्ये, कुणी वडापावच्या गाडीवर, पोरी आईच्या मागं धुण्याभांड्याला. साडेसहाला वर्गात येतात तेव्हा कुणाच्या नखात ग्रीस, कुणाच्या कपड्याला तेलाचा वास. या पोरांना मी निबंध शिकवतो.

पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सहामाहीला निबंध दिला, 'माझे घर'. गाईडात तो छापलेलाच आहे. कौलारू घर, अंगणात तुळस, ओसरीवर आजोबा, तिन्हीसांजेला शुभंकरोती. सगळ्या वर्गानं तेच उतरवलं. ज्यांनी जन्मात अंगण बघितलं नाही त्यांनी तुळस लावली. जयभीमवाल्यांच्या पोरांनी शुभंकरोती म्हटली. मी दहापैकी सात, दहापैकी आठ असे मार्क देत सुटलो. एका पोरीनं मात्र सगळं गाईडातलं लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ स्वतःची टाकली होती. 'मला घरी जायची भिती वाटते.'

मी काय केलं? लाल पेननं 'भि'ला गोल केला. पहिली वेलांटी काढून दुसरी दिली. समासात लिहिलं, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्या'. दहापैकी सहा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. चाळीत विचारलं तर बिऱ्हाड उठून गेलेलं. ती कुठं आहे, कशी आहे, मला आजही ठाऊक नाही. जगलेली असो, एवढंच रोज मनात म्हणतो.

तर हा माझा गुन्हा आधी कबूल करतो आणि मग बोलतो. कारण तुम्ही मला 'शाळकरी मुलं आणि आत्महत्या' यावर बोलायला बोलावलंत आणि मी काही डॉक्टर-बिक्टर नाही. मी फक्त वह्या तपासणारा माणूस आहे. पण मला वाटतं, पोर मरायच्या आधी पुष्कळदा कुठंतरी एक ओळ टाकून ठेवतं. मित्राला बोलून जातं, भिंतीवर लिहितं, निबंधाच्या शेवटी घुसडतं. ती ओळ वाचणारा माणूस वर्गात आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आकडे एकदाच सांगतो. सरकारी गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ सालच्या आत्महत्या आहेत १,७०,९२४. त्यांतले १३,०४४ विद्यार्थी. म्हणजे रोज पस्तिसाच्या वर. आणि या विद्यार्थ्यांच्या यादीत आपला पुरोगामी महाराष्ट्र पहिला आहे. फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणून भाषणात छाती पिटतो ना, तोच. अहवालात मेलेल्यांचं वय आहे, शिक्षण आहे, मिळकत आहे. जातीचा रकाना नाही. मरताना सगळे सारखे, असं दाखवायची ही सोय!

आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला आवडणार नाही. तरी ऐका.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. तुम्ही तेव्हा लहान असाल. आम्ही रस्त्यावर होतो. पोस्टर, मोर्चा, घोषणा, सगळं केलं आणि ते करायलाच हवं होतं. विद्यापीठानं त्याला वसतिगृहातून काढलं होतं, त्याची फेलोशिप अडकलेली होती. ते विसरून त्याला नुसता 'निराश तरुण' म्हणणं हा बदमाशपणा होता. त्या आठवड्यात मी वर्गात गेलो तो पेटलेलाच. तास बाजूला ठेवला आणि रोहितवर बोललो. त्याचं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. आवाज चढला, डोळे भरले. पोरं चिडीचूप. मला वाटलं, आज आपण खरं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी वह्या घेतल्या. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका पोरानं लिहिलं होतं, 'सर, मी गेलो तर माझा पण फोटो लावतील का?'

दोस्तांनो, माझ्या हातापायातलं बळ गेलं.

हा पोरगा नववीत दोनदा बसलेला. बाप नाही. मामाच्या खोलीत पोटमाळ्यावर झोपायचा. दिवसा गाडीवर वडे तळायचा. त्याचं नाव कुणी धड घेत नव्हतं. शाळेत 'ए दोनदा', गाडीवर 'ए पोऱ्या'. आणि मी त्याला सांगितलं होतं काय? की एक पोरगा मेला आणि सगळा देश त्याचं नाव घ्यायला लागला. त्यानं बरोबर हिशोब केला. जगताना नाव नाही, मेल्यावर आहे.

तसाच उठलो, त्याच्या गाडीवर गेलो. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहिलो. मग बाकड्यावर बसवून सरळ विचारलं, "तू मरायचा विचार करतोस का?" असं तोंडावर विचारायला जीभ उचलत नाही. आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात भरलं तर, असं वाटतं. तसं होत नाही. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट पोराच्या छातीवरचा धोंडा हलतो, हे या विषयातली जाणती माणसं आता एकमुखानं सांगतात. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मी घाबरून विचारलं होतं. तो तेलाच्या कढईकडं बघत म्हणाला, "कधीकधी सर. रात्री." मग खूप वेळ बोलला. नापास झाल्याचं, मामाच्या बोलण्याचं. एक गोष्ट सांगितली नाही, ती तिसऱ्या महिन्यात सांगितली.

त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. त्याच्या आईला गावाकडून बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या खिडकीपुढं तिघं रांगेत उभे राहिलो. बाई मला म्हणाली, "गुर्जी, माझं पोरगं येडं नाय ओ." मी म्हटलं, "मावशी, ताप आला तर दवाखान्यात नेतोच ना?" ती गप्प बसली. पटलं नव्हतं, पण आली. पोरगा आज रिक्षा चालवतो. दहावी झाला, तिसऱ्या झटक्यात. कविता-बिविता काही करत नाही. मला बघून हॉर्न मारतो.

यातनं मला जे कळलं ते आपल्या चळवळीला लागू आहे, म्हणून इथं बोलतो. रोहितसाठी लढायचं. २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, २०२३ ला पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी, अठरा वर्षांचा. त्यांच्यासाठीही लढायचं. संस्थेला जाब विचारायचा, कोर्टात खेचायचं. पण आत्महत्येला 'शहादत' म्हणायचं नाही. पोस्टरवर हौतात्म्य छापायचं नाही. शेवटचं पत्र चौदा वर्षांच्या पोरांपुढं कवितेसारखं म्हणायचं नाही. आपल्याकडं शहीद तो, ज्याला मारलं. नामांतराच्या लढ्यात ज्यांना मारलं ते शहीद. ज्या पोराला मरणापर्यंत ढकललं त्याच्यासाठी न्याय मागायचा. त्याच्या मरणाचा सण करायचा नाही, कारण मागच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं.

हे नुसतं माझं मास्तरी भय नाही. जर्मन कवी गटेनं १७७४ साली एक कादंबरी लिहिली, वेर्थर नावाच्या तरुणाची. प्रेमभंग होतो आणि शेवटी तो जीव देतो. ती युरोपभर गाजली, पोरं त्याच्यासारखे कपडे घालायला लागली. काही तरुण त्याच्याच वाटेनं गेल्याच्या बातम्या आल्या आणि लाइपझिग शहरात पुस्तकावर बंदी घातली गेली. पुढं १९७४ साली फिलिप्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं वर्तमानपत्रांतल्या आत्महत्येच्या ठळक बातम्या आणि त्यानंतरच्या आत्महत्या यांचा मेळ घातला आणि या लागणीला वेर्थरचं नाव दिलं. म्हणजे बघा, लिहिलेला शब्द मारू शकतो. शब्द हे शस्त्र आहे असं आपण स्टेजवरून ओरडतो, मग त्या शस्त्राची धार आपल्याच पोराच्या गळ्याकडं नाही ना, हेही बघायला पाहिजे.

पण याला दुसरी बाजू आहे. मोत्झार्टचा एक ऑपेरा आहे, १७९१ चा. त्यात पापागेनो नावाचा पक्षी धरणारा आहे. म्हणजे आपला फासेपारधीच की! त्याची प्रेयसी हरवते आणि तो जीव द्यायला निघतो. तिथं तीन पोरं येतात आणि त्याला आठवण करून देतात की अरे बाबा, तुझ्याकडं अजून उपाय शिल्लक आहे. तो थांबतो. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी असं मांडलं की ज्या बातम्यांत माणूस मरणाच्या विचारापर्यंत गेला आणि कसा सावरला हे सांगितलेलं असतं, त्यांच्यानंतर आत्महत्या कमी झालेल्या दिसतात. त्याला त्यांनी या पारध्याचं नाव दिलं.

म्हणून मी नंतर वर्गात काय वाचायचं ते बदललं. रडकं टाकलं असं नव्हे. आपल्या साहित्यात दुःख आहेच, ते काय लपवायचंय? पण ज्यानं ते दुःख सोसलं आणि बसून लिहून काढलं, तो माणूस जगला म्हणून तर पुस्तक आपल्या हातात आहे! 'बलुतं' १९७८ चं, 'उपरा' १९८० चं, बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ चं. पोरांना मी हेच विचारतो. हे लिहिताना या माणसाचं वय काय? म्हणजे शाळेतला तो अपमान झाल्यावर किती वर्षं जगला? बोटावर मोजतात.

एकदा बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' घेतलं. बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या या आठवणी १९९० साली पुस्तिका म्हणून निघाल्या. त्यातला बडोद्याचा प्रसंग मी मराठीत सांगितला. परदेशात शिकून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण. महार म्हणून कुठं खोली मिळेना, म्हणून पारशाच्या पथिकाश्रमात नाव बदलून राहिला. एके सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी येतात आणि हाकलतात. मित्रांची दारं ठोठावतो, तेही काहीतरी सांगून टाळतात. मग कामाठी बागेत रात्रीच्या गाडीपर्यंत बसून राहतो. तो प्रसंग इतक्या वर्षांनीही डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असं बाबासाहेब स्वतः सांगतात.

वर्गात एक पोरगं ताडकन उठलं. "सर, बाबासाहेब रडले?" त्याला राग आला होता. आपल्याकडं बाबासाहेब म्हणजे कोट, बोट वर, संविधान. रडणारे बाबासाहेब त्यानं भिंतीवर कधी बघितलेच नव्हते. मी म्हटलं, "हो, स्वतः लिहिलंय." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गॅरेजमधला एकजण म्हणाला, "मग नंतर काय केलं?" म्हटलं, "गाडी पकडली. मुंबईला आले." त्या दिवशी पोरांनी वहीत जे लिहिलं, ते त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. आपण पोरांना वाघाचे बच्चे म्हणतो. वाघाच्या बच्च्यानं रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं की नाही, हे कोण सांगणार?

आणि मुक्ता साळवे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली मांगाची पोर, लहुजी साळव्यांच्या घरातली. वय चौदाच्या आसपास. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. निबंधच ना तो? शाळेतला! पण त्यात तुळस नाही, शुभंकरोती नाही. आमचा धर्म कुठला ते सांग म्हणून ती देवालाच विचारते. डोक्यावर छप्पर नसताना आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा काय हाल होतात ते लिहिते. तिच्या मास्तरांनी गाईड समोर ठेवलं असतं तर? लिहिलेलं वाचून वेलांट्याच तपासल्या असत्या तर? सुधारलेली वही परत दिली असती आणि संपलं असतं. ते छापायला गेलं, लोकांनी वाचलं. दुःख तिच्या एकटीच्या पोटात राहिलं नाही. आमच्या वर्गातल्या पोरींना मुक्ता एकदम कळते. त्यांना ती वयानं मैत्रीण वाटते.

आता तुम्ही विहारात अभ्यासवर्ग चालवता, संध्याकाळी पोरं गोळा करता, म्हणून कामाचं सांगतो.

आठवड्यातनं एक दिवस वही. पंधरा-वीस मिनिटं. विषय साधा, 'काल रात्री झोपेपर्यंत', 'मला कुणी हाक मारली नाही तो दिवस', 'मी गिळलेला शब्द'. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये शिकलेला दया आणि वस्तीतला दगडू एकमेकांशी बोलवलेत. तसे मी दोन जण बोलायला लावतो, थकलेला तू आणि कामाला निघालेला तू. पोरं हे फार झकास लिहितात. भाषा घरची. 'हाय-नाय', शिव्या, सगळं चालतं. त्या वहीत लाल पेन नाही. मार्क नाहीत. जे पान दाखवायचं नसेल ते दुमडायचं, मी उघडत नाही. आणि मरणाच्या रीती-जागा लिहायच्या नाहीत, वाचून दाखवायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी एक करार. वहीतलं बाहेर जाणार नाही. पण जिवाचं कारण असेल तर जाईल, आणि कुणाकडं जाईल ते आधी तुला सांगेन. गुप्ततेची खोटी शपथ घेऊ नका. ती मोडावी लागते आणि मग पोरगं कुणावरच विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवशी वाचायचं. मी नंतर वाचू म्हणून वह्या कपाटात टाकायचो, ते चूक. आणि प्रत्येक पानाखाली एक तरी ओळ उत्तर लिहायचं. 'छान' हे उत्तर नाही. 'मामा काय बोलला? उद्या मधल्या सुट्टीत सांग', हे उत्तर आहे.

अजून एक. १९८६ साली पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एका सहकारी बाईंबरोबर कॉलेजातल्या पोरांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनावरचा घाव लिहायला लावला. काय झालं आणि काय वाटलं, दोन्ही ज्यांनी लिहिलं त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहिल्या-लिहिल्या त्यांचं मन जास्त जड झालं होतं! हे ध्यानात ठेवा. हा प्रयोग आत्महत्येवरचा नव्हता, उगाच औषध म्हणून विकू नका. पण त्यातनं एक घ्या, शेवटच्या तासाला लिहायला लावून पोरांना अंधारात घरी पाठवू नका. लिहिल्यावर गाणं म्हणा, चहा करा, कॅरम खेळा, पण तासभर एकत्र बसा.

आणि वहीत खरोखर काही दिसलं तर एकट्यानं शूर होऊ नका. पोराला एकटं सोडायचं नाही, घरातलं विश्वासाचं माणूस गाठायचं, दवाखान्यात न्यायचं. घरातलाच माणूस छळणारा असेल तर दुसरं शोधायचं. सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात टेलिमानस सुरू केलंय, नंबर १४४१६, फुकट आणि रात्रंदिवस. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पोलिसांच्या भीतीनं आपले लोक दाबून टाकतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मेपासून लागू आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच त्यात धरलंय, त्याला शिक्षा नाही, उपचार देणं सरकारचं काम आहे. हे वस्तीत सांगा.

आता तुमच्यातला कुणीतरी उठून म्हणेल, मास्तर, वह्या लिहून व्यवस्था बदलते का? नाही बदलत. भर वर्गात 'स्कॉलरशिपवाले हात वर करा' म्हणणारा मास्तर वही लिहिल्यानं सुधारत नाही. आडनाव विचारून गप्प होणारी पोरगी कवितेनं बदलत नाही. समुपदेशक आणून बसवला आणि जातीचं नावच काढलं नाही, तर तो पोरालाच सांगणार की तुझं मन कमकुवत आहे. हे सगळं मला मान्य आहे, त्यासाठी भांडायचंच. आमच्या शाळेत स्कॉलरशिपची यादी वर्गात वाचणं बंद झालं, ते वह्यांमुळंच. अकरा पोरांनी तेच लिहिलं, मी ती पानं नावं झाकून हेडमास्तरांपुढं ठेवली. मोठा विजय नाही. पण पोरांना कळलं की लिहिलेलं कुठंतरी पोचतं.

फक्त एवढंच, की व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, तो मागच्या बाकावरचा आज रात्री पोटमाळ्यावर एकटा आहे. त्याला क्रांतीचा पत्ता देऊन भागत नाही. आणि परीक्षेचं म्हणाल तर निकालाच्या दिवशी, दोन-चार जणांनी शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. नापास पोर एकटं घरी जाता कामा नये. पुरवणी परीक्षेचा फॉर्म खिशात ठेवा, तिथंच भरून घ्या. हे साहित्य नाही, पण मी साहित्याइतकंच मानतो.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा, पण लवकर. माझ्या पिशवीत सतरा वह्या आहेत, कालच्या वर्गाच्या. काल शिबिराच्या गडबडीत वाचायच्या राहिल्या, म्हणजे मी माझाच नियम मोडलाय. त्यातली एक पोरगी गेले दोन आठवडे पान दुमडते आहे. काल तिनं दुमडलेलं नाही. मला पाच-वीसची लोकल पकडायची आहे.